तीन घरं केलेली पणजी वंशावळीत कुठे लिहायची?

जमिनीची वाटणी, वारसाची नोंद किंवा जातीचा दाखला यांपैकी काहीतरी अडल्याशिवाय वर्ध्याकडे कुणी वंशावळ काढायला बसत नाही. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि तोवर अभिलेख कक्षाच्या कपाटात पडून असलेलं ‘कोतवाल बुक’ एकदम घराघरांत बोलण्याचा विषय झालं. देवळीसारख्या तालुक्याच्या गावी ही वही उघडली की घरात दोन बाजू पडतात. एक बाजू थोरल्या पुरुषाची असते, दुसरी शिकलेल्या पुतणीची. त्यांना इथे मोठेबाबा आणि पुतणी एवढंच म्हणतो. ती कुण्या एका घरची माणसं नाहीत, त्यांच्यातला वाद मात्र या भागातल्या पुष्कळ घरांचा आहे. वादाचं कारण असते एखादी पणजी किंवा खापरपणजी, जी नव्वदीपार जगली आणि जिने एकामागून एक तीन घरं केली. मोठेबाबांना ती वंशावळीत नको आहे. पुतणीला ती सगळ्यांत वर, ठळक अक्षरांत हवी आहे. माझा कौल पुतणीकडे जातो, पण तिने दिलेल्या कारणांपैकी निम्मी मला पटत नाहीत, आणि मोठेबाबांच्या हरकतींपैकी एक तरी अशी आहे की तिला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

“काय वं पोरी, मेलेल्या मानसाचं कायले उकरून काढतं?” हा मोठेबाबांचा पहिला सवाल. “दाखल्याले बाप लागते, आजा लागते, पणजा लागते. बाईचा तिथं रकानाच नाही. अन् पाटाची गोष्ट कागदावर चढली का उद्या सोयरीक जुळवताना लोकं नावं ठेवतीन. आपल्या घरात असं काही झालंच नाही म्हनून सांगत आलो, आता तूच आम्हाले खोटं पाडतं का?” यातला पहिला भाग नियमाला धरून आहे. इतर मागासवर्गाच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांच्या दाखल्याला २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि अनुसूचित जातींच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, आणि तो बापाच्या बाजूने वर चढत जातो. शपथपत्रातली वंशावळ म्हणजे पुरुषांची उतरंड. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावात आईचं नाव लावणं महाराष्ट्रात सक्तीचं झालं, पण तो नियम मागच्या पिढ्यांना लागू नाही. तेव्हा नुसता दाखलाच हवा असेल तर पणजीला वगळूनही काम भागेल, असं मोठेबाबांना वाटणं साहजिक आहे.

पुतणी तिथेच त्यांना अडवते. “मोठेबाबा, रकाना नाही हे मान्य. पण तुमची बापाची साखळी तुटते कुठे? बरोबर तिच्यापाशी.” तिचं म्हणणं नीट उलगडून पाहायला हवं, कारण या वादातला सगळ्यांत व्यवहारी मुद्दा तोच आहे. नवरा मेल्यावर बाई पाट लावून, म्हणजे पुन्हा लग्न करून, दुसऱ्या गावी जाते. कडेवरचं लेकरू सोबत नेते, जाणतं पोर पहिल्या घरी चुलत्याकडे ठेवते. पुढे कडेवरचं लेकरू शाळेत जातं तेव्हा मास्तर दाखल-खारीज रजिस्टरात जो बाप समोर उभा आहे त्याचंच नाव लिहितो. मागे राहिलेल्या पोराच्या नावापुढे कधी मेलेल्या बापाचं, कधी सांभाळणाऱ्या चुलत्याचं नाव लागतं. झालं, एका आईची दोन सख्खी मुलं कागदावर वेगवेगळ्या घराण्यांची झाली आणि सावत्र बापाकडच्या घराण्यात एक माणूस जास्तीचा आला. शंभर वर्षांनी त्याचा नातू पुरावा शोधायला निघतो, तेव्हा शाळेची नोंद एक बाप सांगते, कोतवालाची नोंद दुसरा. हा घोळ पुरुषांची नावं कितीही वेळा तपासली तरी सुटत नाही. मधली बाई कळली की एका ओळीत सुटतो. वगळल्याने घराण्याची अब्रू वाचत असेल, पण ज्या बापाच्या साखळीसाठी तिला वगळलं तीच साखळी खोटी ठरते.

आता कोतवाल बुक म्हणजे काय, हे थोडं सांगायला हवं, कारण बहुतेकांनी त्यातली आपल्या कामापुरती एक ओळच पाहिलेली असते. वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूरपासून वेगळा झाला आणि १९५६ पर्यंत मध्य प्रांतात, मग मध्य प्रदेशात होता. मुलूख मालगुजारीचा. गावात जन्मलेल्या-मेलेल्यांची खबर कोतवालाने ठाण्यावर द्यायची, अशी तिथली रीत. त्या नोंदींत जात असते, म्हणूनच आज त्यांना एवढा भाव आला. पण जन्माच्या ओळीत पुष्कळदा मुलाचं नावसुद्धा नसतं. अमक्याला मुलगा झाला, तमक्याला मुलगी झाली, एवढंच. आईचं नाव असेल तर नशीब. मृत्यूच्या ओळीत बाई सापडते, पण ती कुणाची तरी बायको म्हणून, आणि तो ‘कुणीतरी’ शेवटचा नवरा असतो. म्हणजे जन्माच्या ओळीत ती कुणा बापाची निनावी मुलगी, लेकरांच्या ओळींत गैरहजर, आणि मृत्यूच्या ओळीत तिसऱ्या नवऱ्याची बायको. त्यात लग्नात मुलीचं नाव बदलण्याची आपली चाल. माहेरची यमुना पहिल्या सासरी लक्ष्मी झाली असेल आणि पाटाच्या घरी पुन्हा यमुना, तर नाव धरून शोधणारा माणूस तिला कधीच गाठणार नाही.

देवळीपुरती अडचण आणखी एका कारणाने वाढते, आणि ते कारण नकाशावर आहे. तालुक्याच्या कडेने वर्धा नदी वाहते. नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा, म्हणजे वऱ्हाड. आज त्या बाजूला एसटी जाते, सोयरिकी होतात, काही वेगळं वाटत नाही. पण १८५३ पासून वऱ्हाड निजामाने इंग्रजांकडे सोपवलेला मुलूख होता आणि १९०३ पर्यंत त्याचा कारभार मध्य प्रांताशी जोडलेला नव्हता. तिथे मालगुजार नव्हता, रयतवारी होती. पाटील-पटवाऱ्याचं दप्तर वेगळं, त्यातले रकाने वेगळे. १८९० च्या सुमारास देवळीकडची विधवा नदीपलीकडच्या गावात पाटाने गेली असेल, तर कागदाच्या हिशेबात ती एका राज्यातून उठून दुसऱ्या राज्यात गेली. अलीकडच्या वहीत तिचा मृत्यू सापडत नाही, पलीकडच्या वहीत तिचा जन्म सापडत नाही. ‘आमच्याकडे अशी कुणी बाईच नव्हती’ असं मोठेबाबा म्हणतात तेव्हा ते खोटं बोलतात असं समजायचं कारण नाही. त्यांच्यासमोर ठेवलेल्या एका जिल्ह्याच्या कागदांत ती खरंच नसते.

मग तिला शोधायचं कशावरून? इथे पुतणी तोंडी माहितीवर फार विसंबते आणि मोठेबाबा कागदावर. माझ्या मते सगळ्यांत बोलका पुरावा जमिनीच्या कागदात आहे, आणि तो तिथे आला एका कायद्यामुळे. १८५६ चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा आपण शाळेत सुधारणेचा विजय म्हणून शिकतो. त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात असं होतं की पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मेलेल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क संपतो. ती जणू मेली असं धरून पुढच्या वारसाकडे मालमत्ता जाते. ज्या जातींत पाट आधीपासून चालत होता तिथेही हे कलम लागू करायचं का, यावर उच्च न्यायालयांत एकमत नव्हतं. अलाहाबादने म्हटलं लागू नाही, मुंबईने म्हटलं हक्क जातो. ज्या बायांना या कायद्याची गरजच नव्हती त्यांच्याच हातून त्याने जमीन काढून घेतली, हा त्यातला उफराटा न्याय. वंश शोधणाऱ्याच्या मात्र तो कामी येतो. बंदोबस्ताच्या कागदात नवऱ्यामागे विधवेचं नाव चढलेलं दिसतं, काही वर्षांनी ते जाऊन दिराचं किंवा पोराचं नाव येतं, आणि मधल्या काळात त्या गावी तिच्या मृत्यूची नोंद नसते. अशा ठिकाणी पाट झाला असं समजायला जागा आहे. मग शेजारच्या गावांत त्या सालानंतरच्या जन्मनोंदी पाहायच्या. हा पुरावा खात्रीचा नाही, पण नुसत्या ऐकीव गोष्टीपेक्षा बरा आहे आणि त्याला साल असतं.

या कलमाचा परिणाम किती खरा होता, हे दाखवणारं महाराष्ट्रातलं एक गाजलेलं उदाहरण आहे. डॉ. रखमाबाई यांचा १८८४ ते १८८८ चा खटला सगळ्यांना माहीत असतो. त्यांच्या आईची गोष्ट त्यामानाने थोड्यांना. जयंतीबाई सतराव्या वर्षी विधवा झाल्या. त्यांची सुतार जात, तिथे विधवेला पुन्हा लग्न करायला मोकळीक होती. काही वर्षांनी त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं, आणि त्याआधी पहिल्या नवऱ्याची मालमत्ता लहान रखमाबाईच्या नावे करून दिली. पुढे रखमाबाईंचा नवरा दादाजी भिकाजी याने त्यांनी नांदायला यावं म्हणून दावा लावला, तेव्हा ही मालमत्ता हेही वादाचं एक कारण होतं. जयंतीबाईंची दोन लग्नं आज आपल्याला सालवार माहीत आहेत ती लेकीवर खटला झाला म्हणून. तो झाला नसता तर मुंबईतल्या एका सुशिक्षित घरातली दोनदा लग्न झालेली बाई देवळीच्या पणजीइतकीच निनावी राहिली असती. रखमाबाई स्वतः १९५५ पर्यंत, नव्वदी गाठून जगल्या.

इथवर आल्यावर मोठेबाबा आपली खरी ताकदवान हरकत काढतात. “पन ती एकच बाई कशावरनं? दोन-तीन बायांच्या गोष्टी एकीच्या नावावर चढवल्या असतीन. नातीले आजीचं नाव ठेवतेच आपल्याकडे. एक यमुना मेली, दुसरी यमुना जगली, अन् तुमी म्हनता एकच यमुना शंभर वर्सं जगली अन् तीन नवरे केले.” ही हरकत झटकून टाकण्यासारखी नाही. शंभरी गाठलेल्या पूर्वजांच्या बऱ्याच कथा अशाच तयार झालेल्या असतात. वयाच्या बाबतीत तर आपले कागद कुप्रसिद्ध आहेत. जुन्या जनगणनेत वयं शून्यावर आणि पाचावर संपणारी जास्त का, याचं उत्तर साधं आहे: सांगणारा अंदाजे सांगे आणि लिहिणारा तसंच लिही. गावकोतवाल मेलेल्या म्हातारीचं वय ‘शंभर’ लिहितो तेव्हा त्याचा अर्थ ‘फार म्हातारी’ एवढाच घ्यायचा.

तरीही तपासायची रीत आहे, आणि ती पुरुषाच्या बाबतीत चालत नाही, बाईच्याच बाबतीत चालते. बाईला पंचेचाळिशीनंतर मूल होणं विरळ. तेव्हा तिच्या धाकट्या लेकराचं जन्मसाल मिळालं की तिचा जन्म त्याच्या साधारण पंचेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षं आधीच्या मागे नेता येत नाही. धाकटं लेकरू १९१५ चं आणि म्हातारी १९५७ साली गेली असेल, तर ती फार तर नव्वदीच्या आसपासची. ‘एकशे पाच’ खोडून टाकायचं. तसंच थोरल्या लेकराच्या सालावरून दुसरं टोक मिळतं. दोन टोकं जुळली नाहीत, म्हणजे थोरलं लेकरू १८७२ चं आणि धाकटं १९२४ चं निघालं, तर मोठेबाबा बरोबर आणि त्या दोन बाया. लेकरांची सालं एका घराच्या शेवटच्या जन्मापासून दुसऱ्या घराच्या पहिल्या जन्मापर्यंत एकमेकांवर न चढता ओळीने येत असतील, आणि मधे नवऱ्याचा मृत्यू नोंदलेला असेल, तर एकच बाई असण्याकडे पारडं झुकतं. तोंडी आठवणीही अशाच मोजायच्या. छप्पन्नच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० साली, ती किती लेकरांची आई होती. मानमोडीच्या साथीत, १९१८ साली, कुठल्या गावी होती. १९३६ साली गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले तेव्हा ती कुणाच्या घरात होती. वर्ध्याच्या माणसाला असे खुंटे फुकट मिळालेले आहेत. ‘वय किती होतं’ असं विचारून काही हाती लागत नाही, या प्रश्नांना मात्र उत्तर मिळतं.

या सालांकडे पाहिलं की ‘फार जगली’ आणि ‘फार नवरे केले’ या दोन गोष्टी आपण वेगळ्या समजतो तीच गफलत आहे, असं मला वाटतं. १९११ ते १९२१ या दशकात हिंदुस्थानात जन्माच्या वेळचं सरासरी आयुर्मान वीस वर्षांच्या आसपास होतं. यात बालमृत्यूंचा वाटा मोठा, हे खरं. पण जगून मोठी झालेली माणसंही पटकी, देवी, प्लेग, दुष्काळ यांत ऐन उमेदीत जात. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ मध्य प्रांतात तीन-चार वर्षांच्या अंतराने पडले. १९१८ च्या इन्फ्लुएंझाची सर्वांत जास्त झळ बसलेल्या प्रांतांत मध्य प्रांत होता, आणि ती साथ म्हाताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीस वयाच्या माणसांना अधिक मारणारी होती. बायाही तिच्यात पुरुषांहून अधिक गेल्या. म्हणजे एकाच हिवाळ्यात गावोगाव तरुण विधवा आणि लेकुरवाळे विधुर दोन्ही उरले. त्यात हा कपाशीचा मुलूख. निंदण आणि वेचणी बायांची कामं. घरात बाई नाही तर शेत उभं राहत नाही, आणि एकट्या बाईला मजुरीवर लेकरं जगवणं कठीण. अशा काळात जी बाई वीस-बाविसाव्या वर्षी विधवा झाली आणि स्वतः नव्वदीपर्यंत जगली, तिचे दोन-तीन घरोबे होणं हा हिशेबाचा भाग आहे. पुष्कळ नवरे हे तिच्या स्वभावाचं लक्षण नसून तिच्या आयुष्याच्या लांबीचं आहे. तिच्या मैत्रिणींनी एकच घर केलं, कारण त्यांतल्या बऱ्याच स्वतःच लवकर गेल्या.

पुतणीला हे फारसं आवडत नाही. तिला पणजी बंडखोर हवी आहे. “मोठेबाबा, त्या काळी पांढरपेशांच्या घरी विधवेचं केशवपन करत होते, आणि आपली पणजी स्वतःच्या मर्जीने घर निवडत होती. लपवायचं कशाला, मिरवायला हवं.” तिच्या उत्साहाला थोडा आवर घालावा लागेल. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली निघाला. त्यात कुणब्यांसह अनेक जातींच्या पाटाची माहिती आहे. लग्न दिवसाउजेडी, वाजतगाजत. पाट रात्री, कृष्णपक्षात, थोड्या माणसांत. बिनलग्नाच्या मुलाला विधवेशी पाट लावायचा तर आधी त्याचं रुईच्या झाडाशी लग्न लावायचं, म्हणजे त्याचं ‘पहिलं’ लग्न तिच्याशी झालं असं होऊ नये. पाटाच्या बायकोला मंगलकार्यात पुढे येता येत नसे. लेकरं पहिल्या घराची, जमीन पहिल्या घराची. पेशवाईत तर सरकार पाटावर ‘पाटदाम’ नावाचा कर वसूल करी. काडीमोड घेऊन नवरा सोडता येई, पण पंचांच्या संमतीने आणि बऱ्याचदा पैसे परत करून. याला स्वातंत्र्य म्हणायचं तर शब्द फार सैल करावा लागेल. ती उपाशी मरण्यातून आणि दिराच्या दारात राबण्यातून सुटका होती, एवढं म्हणता येईल, आणि तेवढं म्हणणंही कमी नाही. माहेर, सासर आणि जातपंच या तिघांनी ठरवलेल्या व्यवहारात तिची मर्जी किती होती, हे कुठल्याच वहीत लिहिलेलं नाही. तेव्हा तिच्या वतीने बंड लिहून टाकणं हे तिला वगळण्याइतकंच चुकीचं.

मग लपवालपवी आली कुठून? पाट जर रीतच होती तर मोठेबाबांना लाज का वाटावी? याचं उत्तर पणजीच्या काळात नाही, तिच्या नातवांच्या काळात आहे. मराठे आणि कुणबी यांच्यातली एक ठळक सीमारेषा पाट हीच होती. शहाण्णव कुळीच्या घरांत विधवेला पाट लावत नसत. कुणब्यांत, तेल्यांत, माळ्यांत लावत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अनेक जातींनी आपला दर्जा वर नेण्याची खटपट केली, तेव्हा पाट बंद करणं हा प्रतिष्ठेचा सोपा पुरावा ठरला. बंद केलेल्या चालीची आठवणही मग नकोशी होते. तीन पिढ्यांपूर्वी जे सगळ्या गावाला माहीत होतं आणि ज्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं, ते ‘आपल्या घरात झालंच नाही’ या वाक्यात बंद झालं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली ती याच विदर्भातून, आणि विधवेला पुन्हा लग्न नाकारणाऱ्या दांभिकपणावर त्यांनी सडकून टीका केली. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत विदर्भातल्या पुष्कळ घरांनी तीच बंदी हौसेने आपल्या घरात आणली. मोठेबाबा ज्याला घराण्याची जुनी अब्रू समजतात ती फार तर शंभर वर्षांची आहे. पणजी तिच्याहून जुनी.

कुणाचं पुनर्लग्न लक्षात राहतं आणि कुणाचं पुसलं जातं, याची दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहावीत. गोदूबाई जोशी लहानपणी विधवा झाल्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या आणि ११ मार्च १८९३ रोजी त्यांचं धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न झालं. पुढे त्या आनंदीबाई उर्फ बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या, १९५० साली वारल्या, त्यांचं आत्मचरित्र आहे. कर्व्यांच्या गावी, मुरूडला, बहिष्कार झाला, वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला, म्हणून दिवस-तारखेसकट सगळं नोंदलं गेलं. त्याच वर्षी मध्य प्रांतात किती पाट लागले असतील त्यांतल्या एकाचीही तारीख कुणी लिहून ठेवली नाही, कारण त्यात कुणाला बातमी दिसली नाही. दुसरं उदाहरण अगदी वेगळ्या समाजातलं. कलकत्त्याच्या सेंट जॉन चर्चच्या आवारात बेगम जॉन्सन हिची कबर आहे. १७२५ साली दक्षिणेतल्या फोर्ट सेंट डेव्हिडला जन्मलेली ही इंग्रज बाई १८१२ साली वारली. नवरे चार. दुसरा लग्नानंतर काही दिवसांतच देवीने गेला. चौथा, एक पाद्री, इंग्लंडला परतला आणि ही कलकत्त्यातच राहिली. ती मेली त्याच वर्षी तिच्या लेकीचा मुलगा, लॉर्ड लिव्हरपूल, इंग्लंडचा पंतप्रधान झाला. तिच्या कबरीवरच्या लेखात चारही नवऱ्यांची नावं क्रमाने कोरलेली आहेत. त्यांच्याकडे लग्न चर्चच्या वहीत चढत होतं, म्हणून प्रत्येक लग्नाला तारीख आणि सही होती. आपल्याकडे पाटाला पंच होते, जेवण होतं, वही नव्हती. गांधर्व पद्धतीच्या लग्नात नेमके कोणते विधी झाले यावरून १९६५ साली भाऊराव लोखंडे यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत काथ्याकूट झाली, यावरूनही अशा लग्नांचा पुरावा किती हवेवर होता ते कळावं.

मोठेबाबांची शेवटची हरकत मवाळ असते. “तिनंच कदाचित लपवलं असंल. तिले नको होतं ते आपन काहून चारचौघांत आनावं?” मेलेल्या माणसाची लाज राखावी, हा विचार मला हलका वाटत नाही. पण तिने काय लपवलं आणि तिच्यामागून इतरांनी काय लपवलं, यात फरक करायला हवा. पंचांसमोर, गावाला जेवण घालून लावलेला पाट तिने लपवला नव्हता. लपवला तो पुढच्यांनी. शिवाय इथे चावडीवर दवंडी पिटायची नाही. घरच्या वंशावळीत चार ओळी लिहायच्या आहेत. आणि जी जिवंत माणसं तिच्या दुसऱ्या-तिसऱ्या घरची आहेत त्यांना विचारल्याशिवाय त्यांची नावं बाहेर द्यायची नाहीत, हे पथ्य पुतणीनेही पाळायला हवं. दाखल्याच्या कामाला लागलेले तरुण घरातल्या दोन्ही बाजूंच्या लोकांना न सांगता व्हॉट्सअ‍ॅपवर वंशावळी फिरवतात, ते मला पसंत नाही.

तेव्हा निकाल असा. सरकारी शपथपत्रात जेवढे रकाने आहेत तेवढेच भरावे. त्यात पणजीला घुसवायची गरज नाही. पण घरची वंशावळ वेगळ्या कागदावर करावी आणि तिच्यात त्या बाईचं नाव एकदाच लिहावं, तीन बाया करून नव्हे. माहेरचं आणि सासरची बदललेली नावं त्याच ओळीत यावीत. नवऱ्यांची नावं क्रमाने, ज्याचं गाव कळलं त्याचं गाव, ज्याचं साल कळलं त्याचं साल. कळलं नाही तिथे जागा कोरी. प्रत्येक लेकरू त्याच्या खऱ्या बापापुढे, आईसोबत आलेलं असेल तर तसं स्पष्ट लिहून. तोंडी माहिती घ्यायची ती आधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईकडून घ्यावी, पुरुषाकडून नंतर. बाळंतपणं आणि सोयरिकी तिलाच आठवतात. देवळीच्या कागदांत माग तुटला तर शोध थांबवू नये, नदीपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात चौकशी करावी. कोतवाल बुकाची नक्कल मागताना बापाच्या एका ओळीवर समाधान मानू नका, मृत्यूच्या पानांचीही मागा.